खूण क्रमांक चौदा

चैत्रात दारं बंद होतात,
पंप दोन दिवस खोकत राहतो
आणि सांडव्याखालचा हौद उघडा पडतो :
तळाला शेवाळ, दोन मेलेले मरळ,
कुणाची तरी वरून पडलेली एक चप्पल.

हिंदुराव पिसाळ आधी उतरतो, अनवाणी.
"बूट घसरत्यात मॅडम. पायाला कळतं."
त्याच्यामागून मी :
पोलादी पट्टी, खोलीमाप, खडू
आणि तीनदा चाळलेली वाळू,
बरोबर अर्धा लिटर.

मीटर-मीटरचे चौकोन आखायचे.
सिमेंटची साय गेली असेल तिथं एक,
खडी उघडी पडली असेल तिथं दोन,
सळई दिसली की तीन, आणि साहेबांना फोन.
खळग्यात वाळू ओतायची, पट्टी फिरवायची,
मावली तेवढी वाळू म्हणजे गेला तेवढा हौद.
गेला तो कुठं, असा रकाना तक्त्यात नाही.
"खाली," हिंदुराव म्हणतो, "कऱ्हाडाला, सांगलीला.
तिथं घर बांधत्यात त्याची."

पाणी एकटं काही करत नाही.
पाणी दगड फिरवतं,
दगड फिरून फिरून खळगा करतो,
खळगा दगडाला गोल करतो.
कोण कुणाला दळत होतं
हे पीठ बघून सांगता येत नाही.

जुनी वही द. गो. आफळ्यांची.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
सात हा आकडा ते मधे आडवी रेघ देऊन काढत.
सत्त्याऐंशी साली त्यांनी तळात
चोवीस पितळी खुणा बसवल्या :
काँक्रीट खाली जाईल, पितळ उभं राहील,
जेवढं उभं तेवढी झीज.
खूण चौदा. नव्वद साली तीन मिलिमीटर.
सत्त्याण्णवला नऊ.
पाच साली : पाणी उतरले नाही. माप घेतले नाही.
सहाला एकतीस.
त्या एकतीसखाली दोन रेघा,
दुसरी कागद फाडून गेलेली.

मग अक्षर बदलतं.
स्थिर.
स्थिर.
स्थिर.
शेवटचं 'स्थिर' माझं आहे,
दोन वर्षांपूर्वीचं, पाचच्या एसटीच्या घाईतलं.

आज खोलीमाप लावलं. अठ्ठावीस.
पुसून पुन्हा लावलं. अठ्ठावीस.
झीज कमी कशी होईल?
भरून यायला ती जखम थोडीच आहे.

हिंदुरावनं अंगठा ठेवला खुणेवर,
जरा वेळ तसाच ठेवला.
"हिचं डोस्कंच गेलंय की ओ.
वर अधिकाची खूण होती, कोरलेली.
मी चिंचेनं घासायचो ती, आफळेसाहेब असताना.
मला चौदावं लागलं होतं तवा,
म्हणून ही माझी."

ज्यावरून मोजायचं तेच झिजलेलं.
मी खाली बसले. शेवाळ ओलं होतं, कळलं नाही.
किती वर्षं आम्ही
एका झिजणाऱ्या गोष्टीपासून दुसरीचं अंतर घेत होतो
आणि ते फारसं वाढत नाही
म्हणून सही करत होतो.

"त्यो बाण हाय की," तो म्हणाला.
डाव्या भिंतीत, पुराच्या रेषेच्या वर,
दगडात कोरलेला बाण. पाणी तिथवर कधी गेलं नाही.
त्याच्या पातळीत दोरी ताणली, मधून ओळंबा सोडला,
वारा थांबेपर्यंत दोघंही बोललो नाही.
चौऱ्याहत्तर.

शेऱ्यात लिहिलं :
'खूण क्र. १४ स्वतः झिजली आहे.
मागील तीन नोंदी ग्राह्य धरू नयेत.'
'माझी धरून' हे लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.

हौदातले दगड बाहेर काढायचा नियम आहे.
अकरा घमेली निघाली.
एक लांबट, गुळगुळीत, हातात बसणारा
हिंदुरावनं टॉवेलात गुंडाळला.
"वरवंटा घरचा पार झिजलाय," म्हणाला,
आणि शिडी चढताना
चौदावर पाय पडू नये
म्हणून वळसा घालून गेला.